शिबिरातील पारख : उमलत्या बास्केटबॉलपटूंचे गुण आणि उणिवा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की इंदुरातील मराठी घरांत दोन प्रकारची लगबग सुरू होते. एक पापड-कुरडयांची आणि दुसरी मुलांना कुठल्या ना कुठल्या शिबिरात गुंतवण्याची. कोणी संस्कारवर्गाला जातो, कोणी मल्लखांबाला, कोणी पोहायला. आणि बऱ्याच घरांतील मुले बास्केटबॉलच्या शिबिराला जातात. या शहराला त्या खेळाची गोडी जुनी आहे. रेसकोर्स रोडवरील बास्केटबॉल संकुल तर आमच्या वाचकांच्या परिचयाचेच आहे. मे महिन्यात ऊन चढण्यापूर्वीचे दोन तास गाठायचे म्हणून मुले पहाटे उठतात, आणि एरवी दहा हाका मारूनही अंथरूण न सोडणारे चिरंजीव स्वतःच्या हातांनी बुटांच्या नाड्या बांधताना दिसतात.

शिबिर संपते त्या दिवशी प्रमाणपत्रासोबत बहुधा आणखी एक कागद हाती येतो. त्यावर मुलाचे नाव, वय, उंची, वजन आणि त्याखाली प्रशिक्षकांचा अभिप्राय असतो : चेंडूवरील ताबा बरा, नेम साधारण, बचाव कच्चा, उंची कमी. प्रशिक्षकांनी तो चाळीस-पन्नास मुलांच्या गर्दीत घाईघाईने भरलेला असतो. घरी आल्यावर मात्र त्याचे वजन फार वाढते. ‘उंची कमी’ एवढ्या दोन शब्दांवरून पुढच्या वर्षी मुलाला शिबिरात न पाठवणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि ‘उत्तम’ या एका शब्दाच्या भरवशावर दहावीचे वर्ष पणाला लावणारीही पाहिली आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला तर तो कागद म्हणजे मोठ्या माणसांनी आपल्याविषयी दिलेला कौलच वाटतो. मोठी माणसे विसरली तरी त्याला तो पाठ असतो. म्हणूनच ही पारख कशी व्हावी, कागदावर काय लिहावे आणि घरी तो कसा वाचावा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शिबिरातील पारख वैद्याच्या निदानासारखी असावी. वैद्य नाडी पाहतो ती औषध देता यावे म्हणून. त्याच न्यायाने, ज्या उणिवेपुढे उपाय लिहिता येत नाही ती उणीव मुलाच्या कागदावर येऊ नये, आणि ज्या गुणाचा उपयोग सांगता येत नाही त्याची नुसती स्तुतीही करू नये.

दहा फुटांवरची टोपली

या खेळात उंचीचा एवढा बोलबाला का, हे समजून घेण्यासाठी त्याच्या जन्मकथेकडे वळले पाहिजे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आणि व्यायामशाळेत कोंडल्यामुळे कंटाळलेले विद्यार्थी. त्यांच्यासाठी छपराखाली खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम नेस्मिथांकडे आले. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या घेतल्या आणि व्यायामशाळेतील सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. पुढे जगभर कायम झालेली दहा फुटांची, म्हणजे ३.०५ मीटरची, उंची अशी केवळ त्या कठड्यामुळे ठरली.

नेस्मिथांचा हेतू मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. गोल समोर उभा ठेवला तर मुले चेंडू जोराने फेकतील आणि एकमेकांना इजा करतील, ही त्यांना भीती होती. टोपली डोक्यावर आडवी ठेवल्यास चेंडू अलगद, कमानीने टाकावा लागेल. तेथे बळापेक्षा हाताचे कसब कामी येईल, हा त्यांचा विचार होता. त्यांचे पहिले नियम तेराच होते आणि चेंडू घेऊन पळण्यास त्यांत सक्त मनाई होती. सारांश, धसमुसळेपणाला आळा घालून कौशल्याला वाव देण्यासाठी निघालेला हा खेळ आहे. पुढे उंच माणसांना टोपलीजवळ सोयीचे पडते हे ध्यानात आले आणि निवड करणाऱ्यांचे डोळे आपोआप वर गेले. भारतात मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० साली स्थापन केलेल्या वाय.एम.सी.ए.च्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून जे शिक्षक तयार झाले, त्यांच्यामार्फत इतर खेळांबरोबर हा खेळही शाळाशाळांतून पसरला, आणि त्याच्या मागोमाग उंचीचे हे आकर्षणही आले.

पारख कोठून सुरू करावी ?

जाणता प्रशिक्षक आधी मुलाचे पाय पाहतो. टोपलीत चेंडू किती वेळा पडला हे कोणालाही मोजता येते. पाय वाचायला मात्र सराव लागतो. मुलगा धावत येऊन थांबतो तेव्हा दोन्ही पायांवर तोलून थांबतो, की दोन पावले घसरतो ? एक पाय रोवून दुसऱ्याने वळताना रोवलेला पाय उचलला जातो का ? बचाव करताना तो गुडघे वाकवून, कंबर खाली घेऊन आडवा सरकतो, की ताठ उभा राहून पायांत पाय अडकवतो ? उडी मारून खाली येताना गुडघे पावलांच्या रेषेत राहतात, की आत वळतात ? एवढ्या चार गोष्टी पाच मिनिटांत दिसतात, आणि त्या मुलाविषयी बरेच काही सांगून जातात.

त्यानंतर हात. जवळजवळ प्रत्येक मुलाचा एक हात शहाणा आणि एक अडाणी असतो. शहाण्या हाताने ड्रिब्लिंग करताना मुलगा ऐटीत असतो. चेंडू दुसऱ्या हाताकडे गेला की मान खाली जाते. याची एक साधी कसोटी आहे. मूल ड्रिब्लिंग करीत असता प्रशिक्षकांनी समोर उभे राहून हाताची बोटे उंचवावीत आणि ‘किती ?’ असे विचारावे. जे मूल चेंडू न सोडता अचूक आकडा सांगते, त्याची नजर चेंडूच्या दास्यातून सुटली आहे. दुसरी कसोटी लेअपची. डाव्या बाजूने टोपलीकडे जाताना उजव्या पायावर उडी घेऊन डाव्या हाताने चेंडू ठेवता येतो का, हे पाहावे. शिबिराला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना प्रथम ते येत नाही, आणि त्यात काळजीचे कारणही नाही. दोन आठवड्यांत कोणाला ते किती जमू लागले, हे पाहण्याची गोष्ट आहे.

नेमबाजीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. मोठ्या पुरुषांचा सात नंबरचा चेंडू सुमारे सहाशे ग्रॅम वजनाचा असतो. स्त्रियांसाठी सहा नंबरचा आणि लहान मुलांसाठी पाच नंबरचा चेंडू असतो. लहानग्यांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये टोपलीही २.६० मीटरवर लावतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सात नंबरचा चेंडू देऊन त्याला दहा फुटांवर नेम धरावयास सांगतात. ते पोर बिचारे चेंडू कमरेपासून, दोन्ही हातांनी, सगळे अंग झोकून फेकते. आणि कागदावर शेरा येतो, ‘नेमाची पद्धत सदोष’. दोष चेंडूच्या आकाराचा असतो, शिक्षा मात्र मुलाला होते.

दुसरी सावधगिरी गणिताची आहे. दहा फ्री थ्रो टाकावयास लावून गुण द्यावयाचे ही सर्रास पद्धत आहे. पण ज्या मुलाचा नेम खरोखरच निम्मा आहे, त्याचे दहांपैकी एखाद्या दिवशी तीन पडतील आणि एखाद्या दिवशी सात. एका दिवसाच्या दहा फेकींवरून एकाला हुशार आणि दुसऱ्याला ढ ठरवणे म्हणजे नाणेफेकीवरून वर्गात नंबर देण्यासारखे आहे. रोज दहा याप्रमाणे दहा दिवसांच्या शंभर फेकी मोजाव्यात. मग आकडा काही बोलू लागतो.

चेंडू हाती नसताना

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना चाळीस मिनिटांचा. मैदानावर दहा खेळाडू आणि चेंडू एकच. हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू सरासरीने चार मिनिटेही येत नाही. उरलेली छत्तीस मिनिटे खेळाडू काय करतो ? पारख करणाऱ्याचे खरे काम येथे आहे, आणि नेमके येथेच बहुतेकांचे लक्ष नसते, कारण सर्वांचे डोळे चेंडूमागे धावत असतात.

चेंडू दिल्यावर मुलगा तेथेच पाहत उभा राहतो, की लगेच मोकळ्या जागेकडे धावतो ? सोबत्याला प्रतिस्पर्ध्याने चकवले तर मदतीला सरकतो का ? चेंडू टोपलीवर आपटून परत येत असताना नुसता वर पाहत उडी मारतो, की आधी प्रतिस्पर्ध्याला पाठीशी घेऊन जागा अडवतो ? ही जागा अडवण्याची कला ज्याला साधली, तो चार बोटे उंच असलेल्या मुलाकडूनही चेंडू काढून घेतो. आपला संघ चेंडू गमावतो तेव्हा पहिली तीन पावले मागे कोण धावते, हेही पाहावे.

स्वभावाची पारखही तेथेच होते. सोपा लेअप चुकल्यावर एक मुलगा हात झटकून पंचांकडे पाहतो, दुसरा खाली मान घालतो, आणि तिसरा काही झालेच नाही अशा रीतीने बचावाला परततो. सांगितलेली गोष्ट एकदा ऐकून लगेच करून पाहणारे मूल आणि ‘मला येते’ म्हणून मान हलवणारे मूल, यांत महिन्याभरात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. म्हणूनच शिबिराच्या पहिल्या दिवशी कोण कोठे होते यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या दिवसात कोण किती पुढे सरकले, ही नोंद अधिक मोलाची आहे. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच पहिल्या कागदाशी करावी.

डोळे कसे फसतात

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. लष्करातील अधिकारी हाताखालच्या लोकांना निरनिराळ्या गुणांसाठी निरनिराळे गुणांक देत. पण देहयष्टीला चांगला गुणांक मिळालेल्या माणसाला बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांतही चांगलेच गुणांक मिळालेले आढळत. एका गुणाचे तेज बाकीच्या गुणांवर पसरते. बास्केटबॉलच्या शिबिरात हे तेज उंचीचे असते. उंच मुलाने चेंडू गमावला तर ‘शिकेल हळूहळू’, आणि बुटक्याने गमावला तर ‘जमत नाही याला’.

यावर उपाय अवघड नाहीत. दोघा प्रशिक्षकांनी एकमेकांना न विचारता आपापली नोंद करावी आणि मग मेळ घालावा. जेथे मतभेद दिसतील तेथे पुन्हा पाहावे. मुलांच्या पाठीवर क्रमांक असावेत, म्हणजे ‘हा अमक्यांचा मुलगा’ ही ओळख मध्ये येणार नाही. एका दिवशी एकच गोष्ट पाहावी : आज फक्त पाय, उद्या फक्त डावा हात. आणि ‘उत्तम-मध्यम-कनिष्ठ’ असे मोघम शब्द टाळून, डोळ्यांना काय दिसले तेवढेच लिहावे.

आजची उंची आणि उद्याची

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही आपली म्हण खरी असेलही. पण बाराव्या-तेराव्या वर्षी बास्केटबॉलच्या मैदानावर ती पुष्कळदा खोटी ठरते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास. परंतु हा काळ प्रत्येकाच्या बाबतीत मागेपुढे होतो. तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून पोरसवदा असतो. पहिला आज सर्वांना भारी पडतो; पण त्याची वाढ आटोपत आलेली असते. दुसऱ्याची सुरूही झालेली नसते.

त्यातच जन्मतारखेची गंमत आहे. वयोगट जन्मवर्षावरून ठरले की जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात येते. दोघांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते, आणि त्या वयात वर्ष म्हणजे लहान गोष्ट नव्हे. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंचा अभ्यास करून रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवले की, वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार अधिक असते. लहानपणी थोडा थोराड दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला म्हणून अधिक शिकवला जातो, आणि अधिक शिकल्यामुळे खरोखरच पुढे जातो. डिसेंबरातल्या मुलाने कोणता गुन्हा केला होता ?

वाढीच्या वयात आणखी एक गोष्ट घडते. हातपाय एकाएकी लांबले की कालपर्यंत चपळ असलेले मूल अडखळू लागते, चेंडू हातून सुटतो, गुडघ्याखाली दुखते. आईवडिलांना वाटते आळशी झाला. प्रशिक्षक लिहितात ‘प्रगती नाही’. काही महिने गेले की शरीराचा मेळ पुन्हा बसतो. त्या मुलाला त्या काळात थोडी सबुरी आणि थोडी विश्रांती हवी असते.

जाता जाता एका समजुतीविषयी. बास्केटबॉल खेळल्याने उंची वाढते असे आपल्याकडे पुष्कळजण मानतात आणि त्याच आशेने मुलांना पाठवतात. उंची मुख्यतः आईवडिलांकडून येते आणि पोषणावर तिची जोपासना होते. या खेळात उंच माणसे दिसतात, कारण उंच मुलांनाच त्यात निवडून घेतले जाते. खेळाने मुलाची छाती रुंदावेल, दम वाढेल, भूक लागेल आणि झोप शांत येईल. एवढे पुरेसे नाही काय ?

तिघांच्या गोष्टी

मायकेल जॉर्डन यांना शाळेच्या संघातून ‘काढून टाकले’ होते, ही कथा जगभर सांगितली जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आणि अधिक बोधप्रद आहे. १९७८ साली विल्मिंग्टन गावातील लेनी हायस्कूलमध्ये मुख्य संघाची निवड झाली तेव्हा जॉर्डन यांची उंची सुमारे पाच फूट दहा इंच होती. त्यांच्याच वर्गातील, त्यांच्यापेक्षा बराच उंच असलेला लेरॉय स्मिथ मुख्य संघात घेतला गेला, कारण संघाला उंचीची गरज होती. आणि जॉर्डन यांना कनिष्ठ संघात ठेवले. तेथे त्यांना बाकावर बसून राहावे लागले नाही, भरपूर खेळावयास मिळाले. मुलाच्या मनाला ते लागले, हे खरे. पण तेथे त्यांचा खेळ वाढला आणि उंचीही वाढली. १९८० च्या उन्हाळ्यात ते पिट्सबर्गजवळ ‘फाइव्ह स्टार’ नावाच्या शिबिराला गेले. हॉवर्ड गार्फिन्केल यांनी १९६६ साली सुरू केलेल्या या शिबिरात मुलांना गटागटाने एकेका कौशल्याच्या ठाण्यावर फिरवून शिकवीत, आणि महाविद्यालयांचे प्रशिक्षक तेथे बारकाईने पाहत असत. फारसे कोणाला ठाऊक नसलेला हा मुलगा तेथे सर्वांच्या नजरेत भरला. दोन वर्षांपूर्वीच्या पारखेला अखेरचा शब्द मानले असते, तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

दुसरी गोष्ट स्टीफन करी यांची. शाळेत असताना ते किरकोळ अंगाचे होते आणि चेंडू कमरेच्या जवळून वर फेकीत. वडील डेल करी स्वतः नामांकित खेळाडू. त्यांनी ओळखले की, अशी फेक मोठ्या खेळाडूंपुढे सहज अडवली जाईल. त्या उन्हाळ्यात बापलेकांनी फेकीची पद्धत मुळापासून बदलली. काही आठवडे तर मुलाला टोपलीच्या अगदी जवळूनही धड नेम साधेना. तरी त्यांनी जुनी सवय परत येऊ दिली नाही. पुढे मोठ्या विद्यापीठांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, ते डेव्हिडसन या छोट्या महाविद्यालयात गेले, २००९ साली व्यावसायिक संघात निवडले गेले, आणि २०१५ व २०१६ या लागोपाठ दोन वर्षी अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. त्यांच्या उणिवेला नाव होते, कारण होते आणि उपाय होता. म्हणून ती दूर झाली. ‘नेम कच्चा’ एवढेच कोणी लिहिले असते तर काय साधले असते ?

तिसरी गोष्ट आपल्याकडची. पंजाबातील बल्लो के या खेड्यातील सतनाम सिंग यांची उंची सात फुटांहून अधिक. २०१५ साली डॅलसच्या व्यावसायिक संघाने त्यांची निवड केली. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. साऱ्या देशाला अभिमान वाटला. परंतु त्या स्पर्धेच्या नियमित हंगामातील एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. उंचीने दार उघडते. आत टिकून राहावयास लहानपणापासूनच्या शेकडो सवयींची शिदोरी लागते.

उणीव कशी लिहावी

मुलाच्या उणिवा एकाच जातीच्या नसतात. काही गोष्टी त्याला कोणी शिकवलेल्याच नसतात. काहींना त्याचे शरीर अजून तयार नसते. काही निव्वळ वाईट सवयी असतात. आणि काहींचे मूळ मैदानाबाहेर असते. या शेवटच्या प्रकाराकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. एखाद्या मुलाच्या हातून आलेला चेंडू वारंवार सुटत असेल तर शेरा मारण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. फळ्यावरचे अक्षर दिसत नाही हे शाळेत लपवलेले पोर मैदानावर उघडे पडते. एखाद्याचे पाय घसरत असतील तर बुटांचे तळ पाहावेत. एखादी मुलगी लवकर दमत असेल तर तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा ‘दम कमी’ या शेऱ्याचा उपाय पुष्कळदा डॉक्टरांकडे आणि स्वयंपाकघरात असतो.

कागद कसा असू नये हे वर आलेच आहे. कसा असावा त्याचा एक नमुना देतो :

‘तुझे पाय चपळ आहेत आणि बचावात तू पायांत पाय अडकू देत नाहीस, समोरच्या संघाचा सर्वांत वेगवान खेळाडू अडवण्याचे काम मागून घे. डाव्या हाताने ड्रिब्लिंग करताना नजर खाली जाते. रोज दहा मिनिटे समोरच्या भिंतीवरील खुणेकडे पाहत फक्त डाव्या हाताने सराव कर. चेंडू दिल्यावर तू जागेवर थांबतोस. चेंडू सुटताच तीन पावले मोकळ्या जागेकडे धावायचे, एवढीच एक सवय लाव. गणपतीनंतर पुन्हा पाहू.’

येथे गुण एक, उणिवा दोन, आणि प्रत्येकापुढे काम लिहिले आहे. पुन्हा पाहण्याची वेळही दिली आहे. उंचीचा उल्लेख नाही, कारण उंचीबाबत मुलाने करावयाचे काहीच नाही. दोनांहून अधिक उणिवा एका वेळी सांगू नयेत. सातवी उणीव ऐकेपर्यंत मूल पहिली विसरते आणि लक्षात राहतो तो फक्त आपला नालायकपणा. शिवाय कागद मुलाला समजेल अशा भाषेत असावा. मैदानावर हिंदी, घरी मराठी आणि कागदावर इंग्रजी संक्षेपाक्षरे, असा प्रकार झाला की ज्याच्यासाठी लिहिले त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

मुलींविषयी थोडेसे

मुलींच्या शिबिरात एक गोष्ट नियमाने घडते. तेरा-चौदाव्या वर्षी ज्यांचा खेळ रंगात येतो, त्यांतील अनेकजणी पंधराव्या-सोळाव्या वर्षी दिसेनाशा होतात. कारणे घरोघरची आहेत : अभ्यास, उशीर, कपडे, लोक काय म्हणतील. अशा घरात प्रशिक्षकांच्या कागदाला विशेष महत्त्व येते. ‘साधारण’ हा एक शब्द मुलीचा खेळ थांबवण्यास निमित्त म्हणून पुरतो. वाराणसीच्या प्रशांती सिंग आणि त्यांच्या बहिणी, चेन्नईच्या अनिता पॉलदुराई, पुण्याच्या शिरीन लिमये यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले. जुन्या मध्य प्रदेशातील भिलाईत दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी साध्या घरांतील मुलींमधून राष्ट्रीय विजेते संघ उभे केले. कोणीतरी या मुलींकडे वेळीच नीट पाहिले होते, आणि घरच्यांनी त्यांना खेळू दिले होते.

मुलींच्या पारखेत एक नोंद अवश्य असावी : उडीनंतर जमिनीवर येण्याची पद्धत. वयात येताना मुलींना गुडघ्याच्या आतील स्नायुबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो, आणि गुडघे आत वळवून, पाय ताठ ठेवून उतरण्याची सवय तो वाढवते. गुडघे वाकवून, आवाज न करता, मांजरीसारखे उतरण्याचा सराव नियमित करून घेतल्यास हा धोका बराच कमी होतो. टोपलीत दहा चेंडू अधिक पडण्यापेक्षा ही एक नोंद मुलीच्या अधिक उपयोगाची आहे.

पालकांच्या हाती

आता राहिले ते घर. कागद हाती आल्यावर पालकांनी प्रथम तो मुलालाच मोठ्याने वाचू द्यावा आणि ‘यातले तुला काय पटते ?’ असे विचारावे. मुलांना स्वतःच्या खेळाविषयी आपण समजतो त्याहून अधिक कळत असते. शेजारच्या मुलाच्या कागदाशी तुलना करू नये. प्रशिक्षकांना भेटून ‘आमचा मुलगा निवडला जाईल का ?’ हे विचारण्याऐवजी ‘पुढच्या तीन महिन्यांत त्याने कोणते एक काम करावे ?’ हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाबाबत कोणालाच देता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक चांगल्या प्रशिक्षकापाशी असते. ते नसेल, तर त्या पारखेला फारशी किंमत देण्याचे कारण नाही.

शिबिराला जाणाऱ्या शंभर मुलांतून राज्याच्या संघापर्यंत एखाददुसराच पोहोचेल, आणि देशाच्या संघापर्यंत बहुधा कोणीही नाही. तरी त्या सर्वांची पारख नीट होणे अगत्याचे आहे. आपली उणीव शांतपणे पाहता येणे, तिच्यावर रोज दहा मिनिटे काम करणे, आणि तीन महिन्यांनी ती थोडी कमी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हा अनुभव ज्या मुलाने एकदा घेतला, त्याला तो पुढे गणिताच्या पेपरात, नोकरीत आणि संसारातही उपयोगी पडतो. शिबिराच्या कागदावरील दोन ओळी तेवढ्या जबाबदारीने लिहिल्या जाव्यात आणि घरी तेवढ्याच समजुतीने वाचल्या जाव्यात, एवढीच आमची प्रशिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे.